धनुर्धारी भिक्षूस कोणत्या सिद्धि द्याव्या?

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ सालीं बर्लिन येथें, वयाच्या सतराव्या वर्षीं, कंपाउंड धनुर्विद्येंत जगज्जेती झाली, तेव्हांपासून आमच्या मुलांस धनुष्याचें वेड लागलें आहे. परंदवडीस खरें धनुष्य कितीजणांच्या हातीं येणार? बाकीचे शनिवारीं दुपारीं मेजाभोंवतीं बसून तें कागदावरच चालवितात. खेळाचें नांव पाथफाइंडर. एकानें कथा सांगावयाची, इतरांनीं एकेक पात्र व्हावयाचें, आणि नेम लागला कीं चुकला हें वीस बाजूंच्या फांशानें ठरवावयाचें. फांसा म्हणतांच कांहीं पालकांनीं आम्हांकडे चिठ्ठ्या धाडल्या. परंतु येथें पैका लागत नाहीं, लागतो तो हिशेब.

आमच्या एका विद्यार्थ्याचें पात्र धनुर्धारी भिक्षूचें आहे. भाजें आणि कार्लें येथील लेणीं पाहिलेल्या मावळच्या माणसास भिक्षु नवा नाहीं. त्याच्या हातीं धनुष्य मात्र आम्हांसही चमत्कारिक वाटलें. हा 'झेन आर्चर' २०१० सालच्या नियमपुस्तकांतून आला. तिसऱ्या पायरीपासून तो हाताच्या चपळाईवर नव्हे, तर विवेकाच्या बळावर नेम धरतो. पात्रास ज्या विशेष विद्या मिळतात त्यांस मुलें 'फीट' म्हणतात. आम्ही सिद्धि म्हणूं. त्या मोजक्या असतात, आणि घेतलेली सहसा परत करतां येत नाहीं.

त्यानें आमचा सल्ला विचारला तेव्हां आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें 'रॅपिड शॉट' सुचविली. एका बाणाच्या जागीं दोन, याहून लाभ तो कोणता? मुलानें निमूटपणें पुस्तक उघडून पुढें केलें. या भिक्षूची स्वतःची शरवृष्टि पहिल्या पायरीपासूनच असते, आणि तिच्याबरोबर रॅपिड शॉट चालतच नाहीं. 'मेनीशॉट'चीही तीच गत. आम्ही त्याची एक सिद्धि फुकट घालविणार होतों! अकरावीची शाखा निवडणाऱ्या मुलांस आम्ही दरवर्षीं कसा सल्ला देत असूं, हा विचार त्या रात्रीं आम्हांस सुखाचा वाटला नाहीं.

आतां नियम वाचून आमचें मत असें झालें आहे कीं पहिली सिद्धि 'प्रिसाइज शॉट'च असावी. सोबती शत्रूशीं हातघाईस आला असतां त्या झुंजींत बाण सोडल्यास फांशाच्या अंकांतून चार वजा होतात. ही सिद्धि असली म्हणजे होत नाहींत. इतरांस तिच्यापूर्वीं 'पॉइंट ब्लँक शॉट' घ्यावी लागते, भिक्षूस ती अट माफ आहे. सहाव्या पायरीस 'इम्प्रूव्हड प्रिसाइज शॉट' मिळते ती तर कोणीं सोडूंच नये. अर्धवट आडोशामागील शत्रूही मग बिनदिक्कत टिपतां येतो. 'डेडली एम' नेम थोडा ढिला करून घाव वाढविते. ती उशिरां घेतली तरी चालेल. शत्रूचा बाण हातानें परतविण्याच्या सिद्धीचा मुलींच्या गटांत फार बोलबाला आहे. ती दिसावयास सुंदर खरी, पण एका फेरींत एकच बाण अडविते.

विद्यार्थ्यानें अखेर घेतली 'फार शॉट'. त्याच्या भिक्षूस म्हणे दुरूनच बरें वाटतें. येत्या शनिवारीं त्याचे सोबती काय म्हणतात तें पाहावयास आम्ही जाणार आहों.