तालीम आणि आपण : सहावीची शाळा तिसरीत ठरते

सहावीपासून निवडक मुलांना घेणाऱ्या सरकारी निवासी शाळांबद्दल पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "यातली सर्वात चांगली कोणती?" आम्ही उलट विचारतो, "मूल तिसरीत कुठे होते?"

जवाहर नवोदय विद्यालयात बारावीपर्यंत राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. देशातील पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. परीक्षा पाचवीत, एकदाच. १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्तेचे, बाकी गणित व भाषेचे. पेपर मराठीत देता येतो, उर्दूतही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. मात्र त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे गावातल्याच शाळेत झालेली हवीत. चौथीत शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलेले मूल शहरी धरले जाते. हौसेने शाळा बदलताना हे लक्षात असू द्या.

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. तिथे भर गणितावर. ३०० पैकी १५० गुण त्याचेच. सहावीसाठी वय १० ते १२. फी मात्र वर्षाला लाखाच्या वर. उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती मिळते. २०२१ पासून मुलींनाही प्रवेश आहे. फौजेत अधिकारी व्हायची ओढ आणि अंगात धडाडी असलेल्या मुलासाठी ही शाळा.

एकलव्य निवासी शाळा आदिवासी मुलांसाठी, मोफत. हे आपले नाही, असे समजू नका. जळगावकडचे आपले तडवी बांधव अनुसूचित जमातीत मोडतात. तिथे धर्म आड येत नाही.

नवोदयात धर्मावर राखीव जागा नाहीत, पण ओबीसींना २७ टक्के आहेत. त्यासाठी केंद्राच्या यादीप्रमाणे दाखला लागतो. तो काढायला वेळ जातो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ नको.

आता मुलींचे. नवोदयात एक तृतीयांश जागा मुलींसाठी राखीव आहेत, तरी घरात फॉर्म भरला जातो तो मुलाचा. नमाज, रोजे, जेवण, वसतिगृह यांची अम्मी-अब्बूंना वाटणारी काळजी रास्त आहे. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, हेही आधी माहीत असावे. पण घरी बसून 'नको' म्हणण्याआधी एकदा शाळेत जा, प्राचार्यांना विचारा, तिथे शिकणाऱ्या मुलींच्या आयांशी बोला. नंतर नकार दिलात तरी तो विचारपूर्वक असेल.

इल्म मिळवणे मुलगा-मुलगी दोघांवर फर्ज आहे, हे आपण जलशांत ऐकतो. फॉर्म भरतानाही ते आठवावे. तुमचे मूल आज दुसरीत असेल, तर विचार करायची वेळ हीच आहे.