‘दोस्ती’तली अट

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील कारखान्यात हंगामी कामगार, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. “तू आता शिकतेस, कोणात मिसळायचं ते बघून वागत जा,” हा उपदेश मी घरीदारी नेहमी ऐकते. सांगणारी माणसे माझ्या भल्यासाठीच सांगतात. पण गेल्या जानेवारीत ‘दोस्ती’ हा जुना चित्रपट पाहिला आणि या उपदेशाविषयी मनात शंका उभी राहिली. ती येथे मांडते.

‘दोस्ती’ १९६४ सालचा. निर्माते राजश्रीचे ताराचंद बडजात्या, दिग्दर्शक सत्येन बोस. ‘लालू-भुलू’ या बंगाली चित्रपटावरून तो घेतलेला आहे. यात नावाजलेला नायक नाही, प्रेमकथा नाही, रंगसुद्धा नाहीत. दोन्ही प्रमुख भूमिका सुशील कुमार आणि सुधीर कुमार या नवख्या मुलांनी केल्या. तरीही राज कपूरचा ‘संगम’ समोर असताना फिल्मफेअरची सहा पारितोषिके या साध्या चित्रपटाने नेली. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे आणि त्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर म्हणजे आपले मराठीच. बाजा वाजवला राहुल देव बर्मन यांनी.

कथा थोडक्यात अशी. रामूचे वडील कारखान्यातल्या अपघातात जातात, पाठोपाठ आई (लीला चिटणीस) जाते, रामूचा पाय अधू होतो. मोहन आंधळा. परिचारिका झालेल्या बहिणीला शोधत तो गावाहून शहरात आलेला. माणसांनी तुडुंब भरलेल्या त्या शहरात या दोघांना विचारणारे कोणी नाही. एक वाजवतो, एक गातो आणि फूटपाथवर त्यांचे घर होते. रामूला शिकायचे असते. त्याच्या शाळेसाठी मोहन रस्त्यावर गातो.

पुढे एक शिक्षक रामूला आपल्या घरी ठेवून घेतात, पण अट घालतात की, रस्त्यावरच्या सोबत्याशी संबंध ठेवायचा नाही. हे शिक्षक दुष्ट नाहीत, उलट रामूचे खरे हितचिंतक आहेत. म्हणूनच ती अट मला अधिक बोचली. आपल्याला शिक्षण देणारेही असेच म्हणतात ना, की पुढे जायचे तर मागचे सोडा! मोहनची बहीण तर याच्याही पुढे जाते. रस्त्यावर गाणारा आपला भाऊ तिला दिसतो, पण चार प्रतिष्ठित माणसांदेखत ती त्याला ओळख देत नाही.

हा प्रसंग पाहताना मला खाली बघावेसे वाटले. त्याचे कारण सांगते.

आपल्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की बीड, नगरकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायको म्हणजे एक कोयता. माणसाला नावच हत्याराचे! चार-पाच महिने कोपीत राहायचे, पहाटे फडात जायचे आणि पट्टा पडला की परत. प्राथमिक शाळेत असताना अशाच एका टोळीतली मुलगी माझ्या शेजारी बसायची. दिवाळीनंतर यायची, उन्हाळ्याच्या तोंडाला जायची. तिचे पाढे माझ्यापेक्षा पक्के होते. मला भागाकार तिने शिकवला. पुढे तिची शाळा सुटली.

या डिसेंबरात मैत्रिणींबरोबर महाविद्यालयातून परतताना ती मला उसाच्या गाडीवर दिसली. हातात कासरा, कडेवर लेकरू. तिने मला ओळखले, हात वर केला. मी मात्र वहीत काहीतरी शोधत असल्यासारखे केले. गाडी निघून गेली. मला कोणी अट घातली नव्हती. ती मीच घालून घेतली होती.

कोणी म्हणेल, ‘दोस्ती’ हा निव्वळ अश्रुपट आहे. हा आक्षेप अगदी खोटा नाही. अपंगत्व आणि दारिद्र्य दाखवून डोळ्यांत पाणी आणण्याची हौस त्यात आहेच. आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गात ‘मिडनाइट काउबॉय’ या १९६९ च्या अमेरिकन चित्रपटाची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमध्ये एकाकी पडलेले दोन भणंग, त्यांतला एक लंगडा. तिथे शाळा नाही, पहिला नंबर नाही आणि शेवटी उबदार गावाकडे निघालेल्या बसमध्येच तो लंगडा मित्र मरतो. तो चित्रपट अधिक कठोर आहे, कदाचित अधिक खराही असेल. पण ‘दोस्ती’त जे आहे ते मला अधिक जवळचे वाटते. शिक्षक वारल्यावर रामूच्या परीक्षेची फी मोहन पुन्हा गाऊन भरतो. म्हणजे रामूचा पहिला नंबर एकट्या रामूचा नाही. आपल्यापैकी कोणाचा तरी नंबर एकट्याचा असतो का? माझी फी आईच्या खुरप्यातून आली आणि भागाकार त्या मुलीकडून.

एकाकीपण शहरातच असते असे आपण समजतो. मला वाटते, जिथे माणूस दिसूनही ओळख दिली जात नाही, तिथे शहर सुरू होते. मग ते मुंबई असो की आपल्या कारखान्याचा रस्ता.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला आपण दूरच्या गावी जातो, ते चांगलेच आहे. पण कोप्या आपल्या दारात आहेत. हंगामात आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथल्या मुलांची उजळणी घेण्याचे काम आपल्यातल्या दहाजणांनी उचलले तर कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. उपकार म्हणून नव्हे. आपल्यावर कोणाचे तरी गाणे उधार आहे म्हणून.

चित्रपट पाहिल्यावर दोन दिवसांनी मी गाडीतळावर गेले. तीन संध्याकाळी शोधल्यावर ती सापडली. मी काय बोलणार होते ते सगळे विसरले. तिनेच विचारले, “तुझी परीक्षा कवा हाय?”

मी तारीख सांगितली. तिने लेकराला माझ्या मांडीवर दिले आणि चूल पेटवायला गेली.