चुन्याचा घोटीव गिलावा

संस्कृतांत ‘सुधा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अमृत आणि दुसरा चुना. सुधेचा लेप दिलेलें तें ‘सौध’. म्हणजे प्रासादास हें नांव मिळालें तें त्याच्या उंचीवरून नव्हे, तर भिंतीवरील शुभ्र लेपावरून. चुन्यास अमृताच्या पंक्तीस बसविण्यांत आम्हांस कांहीं अतिशयोक्ति वाटत नाहीं.

हल्लीं मात्र जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली कीं, पहिला घाव या गिलाव्यावरच पडतो. माजघराच्या भिंतीस ओल आली, पोपडे सुटले, कीं गवंडी सिमेंट सुचवितो. वडील मंडळी कुरकुरतात, तरुणांस घाई असते, आणि सिमेंट चढतें. वर्षभर भिंत टणक दिसते. पुढें तीच ओल पूर्वीपेक्षां अधिक उंचावर उमटते.

याचें कारण सोपें आहे. माती, वीट व चुना यांची भिंत जमिनींतील ओल शोषून घेते आणि सच्छिद्र गिलाव्यांतून ती हवेंत सोडते. सिमेंटचा थर दाट व ताठर असल्यामुळें ही वाट बंद होते. ओल मग भिंतीच्या पोटांत राहून वर चढते. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं निघालें. आपले जुने वाडे त्याच्या हिशेबानें बांधलेलेच नाहींत.

चुन्याची रीत निराळी. चुनखडी सुमारें ९०० अंश उष्णतेंत भाजली असतां तींतील कर्बाम्ल वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. विरवून भिंतीस लावल्यावर तो हवेंतून तोच वायु परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड बनतो.

विरविलेला चुना कांहीं आठवडे तरी मुरूं द्यावा. न विरलेले कण राहिल्यास ते पुढें भिंतीवर फुगून फुटतात. जुने कारागीर त्यांत वाळू किंवा विटांचा चुरा घालून घाणींत मळीत. तागाचे तंतु, गुळाचें पाणी, बेलफळाचा गर हींही द्रव्यें वापरीत. पहिला हात जाड, दुसरा बारीक, शेवटचा निव्वळ चुन्याचा. आणि एक हात आवळल्यावांचून दुसरा नाहीं. शेवटीं गुळगुळीत दगडानें घोटलें म्हणजे भिंतीस मंद तकाकी येते.

राजस्थानांत या विद्येस ‘आराइश’ म्हणतात. तेथें शेवटच्या हातांत संगमरवराची भुकटी असते; ओलेपणींच रंग देऊन अकीकाच्या दगडानें घोटतात व खोबऱ्यानें चोळतात. रंग चुन्यांत मुरून त्याच्यासहच दगड होतो. गेरू, पिवडी, काजळ हे रंग चुन्यास सोसतात. पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग त्यांत फिके पडतात.

तेव्हां आमची सूचना एवढीच. प्रथम ओलीचें मूळ शोधावें. कौल फुटलें आहे कीं पन्हळ तुंबली आहे, हें पाहावें. मग चुन्याचें काम जाणणारा गवंडी गांठून कोपऱ्यांत हातभर भिंत करवून घ्यावी व एक पावसाळा तिची परीक्षा पाहावी. तेलरंग फांसून तिचीं छिद्रें बुजवूं नयेत. आणि चुना विरत असतां मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. डोळ्यांत उडालेला एक थेंबही दृष्टीस अपाय करतो.