मोठ्या इंजिनाआधी पंखा बघा

होडी तेल फार खाते, धंदा परवडत नाही, ही तक्रार कोकण किनाऱ्यावर कुठेही ऐकू येते. त्यावर बहुतेकांचा उपाय एकच, कर्ज काढून मोठे इंजिन. मला हे पटत नाही. मी काही दर्यावर्दी नव्हे, उभा जन्म पुण्यात खडू-फळ्यात गेला. पण देवबागला भाच्याची होडी आहे. फोनवर तो विषय निघाला की मी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. तो म्हणतो, "मामानू, दर्यात शाळेतला गणित चलना नाय." माझ्या मते नेमके तेच चालते.

होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे स्क्रूची चाल. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की जेवढा आत जातो, तेवढी. १२ पिचचा पंखा एका फेऱ्यात १२ इंच पुढे जाऊ पाहतो. पाणी लाकडासारखे घट्ट नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी जातो. जड होडीला जास्त पिचचा पंखा लावणे म्हणजे चढावर सायकल टॉप गिअरमध्ये हाकणे. इंजिन गुदमरते, तेल धड जळत नाही, काजळी धरते. पिच फार कमी असेल तर उलटे. इंजिन नुसते ओरडते, होडी जागच्या जागी.

मग योग्य पंखा ओळखायचा कसा? इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण वेगाला मिनिटाला किती फेरे व्हावेत ते छापलेले असते, उदाहरणार्थ ५००० ते ६०००. नेहमीचा भार घेऊन पूर्ण वेग द्यावा आणि फेरे मोजावेत. कमी भरले तर पिच कमी करावी, जास्त भरले तर वाढवावी. एक इंच पिचने साधारण २०० फेऱ्यांचा फरक पडतो.

खरी मेख भारात आहे. सकाळी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला जाणारी होडी आणि जाळी, बर्फ, मासळी भरून येणारी होडी, दोघींचे वजन सारखे नसते. रिकाम्या होडीवर पारखलेला पंखा भरल्या होडीला जाचतो. म्हणून जो भार बहुतेक दिवस असतो, तोच धरून पंखा निवडावा.

दुसरी गोष्ट वेगाची. पाणी कापत संथ जाणाऱ्या होडीला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ०.९ चा घन ०.७३, म्हणजे शक्ती सुमारे २७ टक्के कमी. वेळ थोडा जास्त लागतो तो धरूनही तेवढ्याच अंतराला तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचते. पाण्यावर उचलून धावणाऱ्या स्पीडबोटीला मात्र हा हिशेब लागू नाही.

पंखा स्टीलचा की ॲल्युमिनियमचा, असाही वाद असतो. स्टीलचे पाते पातळ आणि टिकाऊ, पण महाग. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर मी ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. खडकावर आपटला तर पाते वाकते, पण आतला गिअर वाचण्याची शक्यता जास्त. मात्र वाकलेले पाते तसेच चालवू नये, तेही तेल खाते. होडीच्या बुडाला धरलेले शेवाळ आणि कालवे तर त्याहून जास्त खातात.

पावसाळ्यात होडी वर ओढली की हे सगळे आपसूक डोळ्यांसमोर येते. तेव्हा पंखा तपासावा, बूड खरवडावे, आणि मगच बँकेची पायरी चढावी. कर्जाचे हप्ते समुद्र खवळला म्हणून थांबत नाहीत.

असो. किनाऱ्यावरच्या नातेवाइकांनी आपापल्या पंख्यावरचे आकडे जरूर कळवावेत.