झिणझिण्या हाताला, आजार वायरिंगला!

“डॉक्टर, अंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. बी-१२ कमी झालं असेल का?” परवा एका ताईंनी विचारलं. इतर वेळी त्रास नव्हता. फक्त गीझर चालू असताना. मी इंजेक्शन दिलं नाही. विचारलं, “घरात आरसीसीबी आहे का?”

“होता. पावसाळ्यात सारखा पडायचा, म्हणून वायरमनकडून काढून घेतला.”

“मग गीझर आजच बंद करा आणि आरसीसीबी परत बसवून घ्या,” मी म्हणालो.

तुमच्याकडेही असंच झालं असेल, तर हे समजून घ्या. “आमच्याकडे एमसीबी आहे” एवढं पुरेसं नाही. जास्त लोडमुळे किंवा शॉर्टसर्किटमुळे वायर तापून आग लागू नये, उपकरण जळू नये, यासाठी एमसीबी असतो. गीझरचा एमसीबी साधारण १६ अँपियरचा असतो. ओल्या अंगातून २३० व्होल्टचा शॉक बसला, तर शरीरातून जेमतेम पाव अँपियर करंट जातो. एमसीबीला त्याची दखलही नसते. हृदयाला मात्र ०.१ अँपियरही घातक ठरू शकतो. ठोक्यांची लय बिघडून हृदय नुसतं थरथरतं आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिअँपियरचा, म्हणजे ०.०३ अँपियरचा फरक पडला की सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तुटते. झटका बसतो, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सारखा पडणारा आरसीसीबी काढून टाकणं म्हणजे ताप दिसतो म्हणून थर्मामीटर फोडणं. तो पडतोय, म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी लीकेज आहे. ते शोधा.

• एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, अर्थिंगही चांगलं हवं.
• आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.
• एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला, तर आरसीसीबी वाचवेलच असं नाही. बेफिकीर राहू नका.
• कुणाला शॉक लागला, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करायला सांगा.

हॉलच्या झुंबरावर खर्च करण्याआधी तुमच्या मीटरजवळचा बोर्ड एकदा उघडून बघाल ना?