ताकद इंजिनाची की नजरेची?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की गॅरेजमध्ये गर्दी वाढते. ऑइल बदलणे, अलाइनमेंट करणे ही नेहमीची कामे असतातच. अलीकडे त्यात आणखी एका मागणीची भर पडली आहे : ‘गाडीचा पिकअप जरा वाढवून द्या.’ घरातल्या पाच-सात माणसांना घेऊन फिरणारी साधी गाडी असते, पण इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलला, वेगळा एअर फिल्टर बसवला, रुंद टायर घातले की ती ‘पळायला’ लागते, असे सांगितले जाते.

ते अगदीच खोटे नाही. टर्बो इंजिन बनवताना कंपनी थोडी ताकद हातची राखून ठेवते. निकृष्ट इंधन, कडक उन्हाळा, धुराचे नियम, गिअरबॉक्सचे आयुष्य या सगळ्याचा विचार त्यामागे असतो. ही राखीव ताकद मोकळी केली की १०० अश्वशक्तीचे इंजिन १२० च्या आसपास जाऊ शकते. त्यासाठी पंचवीस-तीस हजार रुपये मोजणारे लोक आहेत. यात वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. शिवाय नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असे फेरफार मोटार वाहन कायद्याला मान्य नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ही वाढीव ताकद घरच्या गाडीत वापरायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तो वेग आजची सर्वांत स्वस्त गाडीही गाठते.

आता थोडे गणित करू. समोर अचानक अडथळा दिसला, तर तो ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ८० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ३६ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६९ मीटर. त्याच रस्त्यावर, तेच ब्रेक असलेली गाडी १०० ने येत असेल तर काय होईल? पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी सुमारे ७० असेल. वेग फक्त २० ने वाढला. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फरक थांबणे आणि आदळणे एवढा पडला. आणि मिळवले काय? २० किलोमीटरच्या टप्प्यात तीन मिनिटे.

‘पण ओव्हरटेक करताना ताकद हवीच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. दुपदरी रस्त्यावर ६० ने चाललेल्या ट्रकला ८० ने ओलांडायला सुमारे ९ सेकंद लागतात. ९० चा वेग पटकन गाठता आला तर हे काम ६ सेकंदांत होते. तीन सेकंद वाचतात, हे मान्य. मात्र समोरून येणारे वाहन किती वेगात आहे, हे ओळखण्यात माणसाचा डोळा फार कच्चा आहे. लांबचे वाहन आपल्याला जवळजवळ एकाच आकाराचे दिसत राहते आणि अगदी जवळ आल्यावर झपकन मोठे होते. इथे अंदाज चुकला तर वाचवलेले तीन सेकंद कुठल्या कुठे जातात. ‘आत्ता नको, पुढचे वळण जाऊ दे’ हा निर्णय कुठल्याही इंजिनाला घेता येत नाही.

मग पैसे गाडीवर घालण्याऐवजी चालवण्याच्या कौशल्यावर घालावेत का? होय. पण कोणते कौशल्य, हे आधी ठरवायला हवे. कौशल्य म्हटले की आपल्याला वळणावर गाडी दाबून काढणारा, घसरलेली गाडी लीलया सावरणारा चालक आठवतो. संशोधन मात्र वेगळेच सांगते. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परवानाधारक शर्यतपटूंची रोजच्या रस्त्यावरची नोंद तपासली गेली. इतर चालकांच्या तुलनेत त्यांच्या नावावर अपघातही जास्त होते आणि नियमभंगही. नॉर्वेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. जर्मनीत म्युनिक शहरात १९८०च्या दशकात काही टॅक्सींना तेव्हा नवे असलेले एबीएस ब्रेक बसवून पाहिले. अपघातांचे प्रमाण घटले नाही, कारण चांगल्या ब्रेकच्या भरवशावर ते चालक अधिक बेफिकीरपणे गाडी हाकू लागले.

यंत्र सुधारले काय किंवा हातातली सफाई वाढली काय, त्या प्रमाणात आपण धोकाही वाढवत नेला तर हिशेब पुन्हा शून्यावर येतो. त्यात भर म्हणजे स्वतःविषयीचा गोड गैरसमज. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९३ टक्के अमेरिकी विद्यार्थ्यांनी आपण गाडी चालवण्यात निम्म्याहून अधिक लोकांपेक्षा सरस आहोत, असे सांगितले होते. आपल्याकडेही ‘वीस वर्षं चालवतोय, एकदाही ठोकली नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते.

तेव्हा वाढवायची आहे ती नजर. नवखा चालक बॉनेटच्या थोडे पुढे पाहतो. अनुभवी चालकाची नजर लांब जाते आणि सतत फिरत राहते. थांबलेल्या एसटीच्या पुढून कोणी धावत येईल का, रस्त्याकडेला उभ्या गाडीचे दार उघडेल का, चेंडूमागे मूल येईल का, हे त्याला घडण्याआधी दिसते. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून धोका आधी ओळखण्याची चाचणी घेतली जाते. आपल्याकडे परवाना मिळवताना मैदानात आठचा आकडा काढता येतो का, हे पाहिले जाते. नजर कुणी तपासत नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि सरकारी नोंदीनुसार त्यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगामुळे झाले. गाड्यांची ताकद कमी पडते म्हणून ही माणसे गेली नाहीत.

नजर सरावाने वाढते. रोजच्या रस्त्यावर दहा मिनिटे, पुढे काय होऊ शकते ते मोठ्याने बोलत गाडी चालवा. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण तिथे पोहोचायला निदान तीन सेकंद लागतील एवढे अंतर ठेवा. पावसात ते दुप्पट करा. डोळ्यांची तपासणी करून घ्या. आणि झोपेचा हिशेब मांडा. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पहाटे पाचला उठून, दिवसभर काम करून रात्री दहाला गणपतीसाठी कोकणची वाट धरणारा चालक थेंबभरही न पिता त्या अवस्थेत असतो.

गाडीवर खर्च करूच नये, असे नाही. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो जेमतेम तळहाताएवढ्या चार ठिकाणी. म्हणून टायरची नक्षी झिजू देऊ नका, हवेचा दाब गार टायरमध्ये तपासा, ब्रेक, वायपर आणि दिवे वेळेवर दुरुस्त करा. मागे बसणाऱ्यांचे पट्टे सीटखाली दडले असतील तर ते बाहेर काढा. या कामांना चारचौघांत मिरवण्यासारखे काही नाही. जीव मात्र तीच वाचवतात.

आपण कसे चालवतो, याची एक घरगुती परीक्षाही आहे. घाटात मागच्या सीटवरच्या मुलांना, आजीला गाडी लागते का? काहींना ती कशीही लागते, हे खरे. पण वारंवार बसणारे गचके, उशिरा दाबलेले ब्रेक, वळणात मारलेला झोल यांनी तो त्रास नक्की वाढतो. चालकाला तो सहसा होत नाही, कारण पुढे काय होणार हे त्याच्या शरीराला आधीच माहीत असते. ज्याची नजर लांब असते तो वेग आधी उतरवतो, वळणावर सावकाश शिरतो आणि मागच्यांच्या पोटातले पाणी हलत नाही. पंचवीस हजार मोजण्याआधी मागच्या सीटवरच्या माणसांना विचारा. त्यांना हव्या असलेल्या सुधारणेचे काम गॅरेजमध्ये होण्यासारखे नसेल.