साखर कळली, मूत्रपिंडाचे काय?

मधुमेह नव्याने निघाला की आपल्याकडे रुग्ण साखरेचा आकडा आणि ‘गोड बंद’ एवढे दोनच निरोप घेऊन गावी परततो. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून तालुक्याला येणे म्हणजे एक रोज बुडणे. दुसरी फेरी बहुधा होतच नाही. म्हणून पहिल्याच भेटीत हृदय आणि मूत्रपिंडही तपासायला हवे. टाइप-२ मधुमेहात निदानाआधी काही वर्षे साखर गुपचूप वाढलेली असते, नुकसान तेव्हाच सुरू झालेले असू शकते.

लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) या तपासण्या महाग नाहीत. पण एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. मूत्रपिंडाची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत ते ‘नॉर्मल’ दिसू शकते. त्यातही ते स्नायूंतून तयार होते. त्यामुळे ऊसतोडीवरच्या किडकिडीत मजुराचा अहवाल उगाच दिलासा देतो. सिस्टॅटिन-सी ही रक्तातलीच दुसरी तपासणी इतकी फसवत नाही, मात्र ती खर्चिक. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी हृदयावरचा ताण दाखवते, पण तीही खर्चिक.

स्वस्त उपाय रक्तात नाही, लघवीत आहे. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन हे प्रथिन 30 मिलिग्रॅम वा अधिक, तेही पुन्हा तपासल्यावर आढळले, तर मूत्रपिंडाइतकाच हृदयालाही धोका समजावा.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था हाताशी आहेत. त्यांच्या मदतीने लघवीची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात निदानाच्या दिवशीच मोफत व्हावी, आणि रुग्णांनीही ती मागून घ्यावी.